पावसाळ्याची बेगमी आणि हवा काढायचं मशीन : खानापूर तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

बेळगावहून जांबोटीकडे निघालं की पाऊस किलोमीटरागणिक वाढत जातो. शहरात भुरभुर असते, तेव्हा खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला, धो धो कोसळत असतो. जुलैत दिवसचे दिवस ऊन पडत नाही. मिठाला पाणी सुटतं, आगपेटीची काडी ओढून ओढून गुळगुळीत होते, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी येते. इथं बेगमी कुणी हौसेनं करत नाही. मिरग निघायच्या आत जे वाळवून, भाजून, खारवून ठेवलं असेल, त्यावर गौरी-गणपतीपर्यंत घर चालतं.

याच पट्ट्यातल्या एका शेतकरी घराचं हे प्रकरण. नावं घरच्यांच्या सांगण्यावरून गाळली आहेत. कौलारू घर, भाताची शेती, बांधावर काजू आणि फणस. घरात आजी, थोरला मुलगा, त्याची बायको आणि कन्नड माध्यमात शिकणारी नात. धाकटा मुलगा पुण्यात नोकरीला. मे महिन्यात सुट्टीला येताना त्यानं हवा काढून पिशवी बंद करायचं घरगुती मशीन आणलं, सोबत पिशव्यांचे दोन रोल. व्हॅक्युम सीलर हे त्याचं दुकानातलं नाव. घरात ते पहिल्या दिवसापासून ‘हवा काढायचं मशीन’. माहितीपुस्तिका इंग्रजीत. नातीनं ती वाचून कन्नडमिश्रित मराठीत आईला सांगितली, आणि त्या सांगण्यात जे गळलं त्यातलं काही पुढे महागात पडलं. पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात छापलेल्या सूचना नातीला कंटाळवाण्या वाटल्या. मोठी माणसंही ती पानं वाचत नाहीत, तेव्हा पोरीला बोल लावण्यात अर्थ नाही.

आदल्या पावसाळ्यांत काय काय वाया गेलं होतं, याची सुनेकडे चोख यादी होती. मसुराला टोका लागलेला, तांदळात सोंडे झालेले, काजूगर खवटलेले, सुके बांगडे ओलसर होऊन वास मारू लागलेले. वर्षाच्या चटणीच्या बरणीत तळाला गुठळ्या आणि एका कडेला पांढरी बुरशी. आपल्याकडे चटणी म्हणजे कांदा, लसूण, खोबरं, तीळ आणि गरम मसाला घालून वर्षाचं कुटलेलं लाल तिखट. ती बिघडली की वर्षभराच्या आमटीचीच चव गेली. मशीन आलं तेव्हा सुनेला वाटलं, आता हे सगळं एका झटक्यात सुटणार. दुकानदारानं धाकट्याला तसं सांगितलंही होतं: यात ठेवलं की पाचपट टिकतं.

पाचपट कशाच्या, हे विचारायचं राहून गेलं.

मशीन करतं काय

घरात येणारी बहुतेक मशीनं पिशवीचं तोंड चिमट्यासारखं धरून आतली हवा ओढतात आणि मग तापलेल्या तारेनं तोंड चिकटवतात. त्यांना एका बाजूनं खवल्याखवल्याची नक्षी असलेली पिशवीच लागते. त्या खवल्यांमधून हवा बाहेर यायला वाट मिळते. साधी गुळगुळीत पिशवी घातली तर दोन्ही पदर एकमेकांना चिकटतात आणि हवा आतच राहते. पिशवी साधारणपणे नायलॉन आणि पॉलिथिन अशा दोन थरांची असते. नायलॉन हवेला अडवतो, पॉलिथिन वितळून चिकटतं. किराणा दुकानातल्या पातळ पिशवीतून हवा हळूहळू आत शिरते, म्हणून ती इथं कामाची नाही.

अशा मशीनवर ओढीचा आकडा बहुधा उणे 60 ते उणे 80 किलोपास्कल असा छापलेला असतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे 101 किलोपास्कल असतो. म्हणजे हवा बरीचशी जाते, पण सगळी जात नाही. शिवाय पिशवीतलं पाणी जात नाही, आतले जंतू मरत नाहीत, किड्यांची अंडी मरत नाहीत. ज्याला हवा लागते त्याची फक्त कोंडी होते: बुरशीची, किड्यांची, आणि तेल खवट करणाऱ्या प्राणवायूची. ज्यांना हवा नकोच असते असे जंतू मात्र मोकळे सुटतात. या घराचा सगळा पावसाळा या दोन वाक्यांतून उलगडतो.

मे महिन्यातली भरणी

पहिली सुरुवात कडधान्यांनी झाली. मसूर, हुलगे, चवळी कडक उन्हात दोन-तीनदा तापवून, रात्री थंड होऊ देऊन मग भरली. गरम गरम भरली असती तर आतल्या आत घाम सुटला असता, हे आजीला पुस्तिकेशिवाय ठाऊक होतं. आफ्रिकेत चवळी साठवायला अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं हवाबंद पिशव्यांची जी पद्धत बसवली, तिचं तत्त्वही हेच: दाण्यात राहिलेले किडेच आतला उरलासुरला प्राणवायू संपवतात आणि मग गुदमरतात. तिथं हवा ओढायला मशीनसुद्धा लागत नाही. मजबूत पिशवी, कोरडा दाणा आणि घट्ट बांधलेलं तोंड एवढ्यावर काम भागतं. आपल्याकडच्या शेणानं लिंपलेल्या कणगीत हे साधत नाही, कारण तिला फटी असतात.

तांदळावरून वाद झाला. आजीचं म्हणणं, तांदूळ कोंडला की गुदमरतो. घरचा बासमती आणि इंद्रायणी ती कडुलिंबाचा पाला घालून पिंपात ठेवत आली होती. शेवटी तडजोड झाली: रोजचा तांदूळ पिंपात, सणासुदीचा बासमती पिशव्यांत. माझ्या मते हे ठीकच झालं, पण कारण वेगळं. चार माणसांच्या शेतकरी घराचा पावसाळ्याचा तांदूळ किलो-किलोच्या पिशव्यांत भरायचा तर रोल मिरगाआधीच संपेल. दाणा कोरडा असेल तर घट्ट झाकणाचं पिंप हेच स्वस्तातलं उत्तर.

मिरच्यांनी पहिला धडा दिला. संकेश्वरी आणि ब्याडगी, दोन्ही वाळवलेल्या, देठासकट भरल्या. पिशव्या विटेसारख्या कडक झाल्या, सगळे खूश. चार दिवसांनी बघितलं तर निम्म्या सैल. हवा ओढली जाताना सुकलेल्या देठाची टोकं पिशवीत रुतली आणि डोळ्याला न दिसणारी भोकं पडली. काही पिशव्या बादलीतल्या पाण्यात दाबून धरल्या, तेव्हा बारीक बुडबुडे आले. सुक्या बांगड्यांच्या काट्यांनीही हेच केलं. उपाय साधा निघाला: मिरच्यांचे देठ काढायचे, मासे आधी जाड कागदात गुंडाळायचे आणि मग पिशवीत सरकवायचे.

चटणीचा किस्सा वेगळा. तिखटाची धूळ ओढीबरोबर मशीनमध्ये गेली आणि स्वयंपाकघरात सगळ्यांना शिंका आणि ठसका लागला. ते हसण्यावारी गेलं, पण दोन पिशव्यांचं सील दुसऱ्या दिवशी उघडलं. चटणीत तेल असतं. भरताना पिशवीच्या तोंडाला तेलाचा हात लागला, आणि तेलकट प्लॅस्टिक नीट चिकटत नाही. नंतर सुनेनं पिशवीचं तोंड बाहेरच्या बाजूला चार बोटं दुमडून चटणी भरली, मग दुमड सरळ केली, आणि वर स्वच्छ कागदाची घडी ठेवली. तोंड कोरडं, धूळ कागदाला अडली. नाचणीच्या पिठालाही हीच युक्ती चालली. आणखी एक गोष्ट हाताला सवयीनं कळली: एकामागून एक पिशव्या बंद करत सुटलं की तार फार तापते आणि सील ठिसूळ येतं. मधे जरा थांबावं लागतं.

काजूगराचं मात्र सोनं झालं. काजूत तेल भरपूर, म्हणून तो खवटतो. हवा काढली की ते काम फार संथ होतं. ओढ फार झाली तर पाकळ्या मोडतात, म्हणून पिशवी आवळली की लगेच सीलचं बटण दाबायचं.

इथं एक बारीक गोष्ट नोंदवायला हवी. मिरच्यांची एक खेप राहून गेली होती आणि ती मिरगाच्या पहिल्या दोन सरींनंतर भरली. हाताला त्या वाळलेल्याच वाटत होत्या, पण मोडताना कडकन आवाज येत नव्हता. चामड्यासारख्या वाकत होत्या. ही खेप ऑगस्टमध्ये उघडली तेव्हा रंग काळपट आणि वास कुबट. ओल आत कोंडली गेली होती, आणि उरलेली थोडी हवा बुरशीला पुरली. बुरशीच्या मिरच्या भाजून-कुटून वापरायचा मोह होतो. तो टाळावा, कारण काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडतात आणि ते घरच्या भाजण्या-शिजवण्यानं जात नाही. सुनेनं ती खेप शेणखताच्या खड्ड्यात टाकली.

फ्रीजमधली भरणी

घरात दोन दारांचा फ्रीज आहे. वरच्या फ्रीझरमध्ये एप्रिलमधले ओले काजूगर, कच्च्या फणसाच्या फोडी आणि मेच्या अखेरीला गोव्याकडून आलेले बांगडे व सुरमई भरली. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे ही भरणी हिशेबाची. फणसाच्या फोडी आधी उकळत्या पाण्यातून काढून, गार करून, पुसून भरल्या. मासे साफ करून, कोरडे करून, एकेका जेवणापुरते चपट्या थरात भरले. चपटी पिशवी लवकर गोठते, एकावर एक नीट बसते, आणि हवा नसल्यानं माशाच्या कडा पांढऱ्या, कोरड्या, दोरीसारख्या होत नाहीत. फ्रीझरसाठी या मशीनला तोड नाही, हे माझं ठाम मत आहे.

खालच्या कप्प्यात मात्र सून हौसेला पडली. मटकीची उसळ जास्तीची करून दोन पिशव्या बंद केल्या. हिरव्या मिरचीचा, कच्च्या लसणाचा, वर तेल सोडलेला ठेचा तीन पिशव्यांत भरला. पुण्याच्या दिराला तो फार आवडतो आणि कुणी जाणारं मिळालं की पाठवायचा होता. फुलकोबीचे कच्चे तुरे एका पिशवीत. पिशव्यांवर आजीनं मार्करनं तारीख न लिहिता नक्षत्र लिहिलं, ‘आर्द्रा’. नात हसली, पण मला ती पद्धत आवडली. या घरात कुठल्या तारखेला काय भरलं ते कुणाच्या लक्षात राहत नाही. कुठल्या पावसात भरलं ते सगळ्यांच्या राहतं.

तरणा पाऊस

जुलैत तरणा पाऊस सुरू झाला, म्हणजे पुनर्वसू नक्षत्राचा. वाऱ्यानं झाड तारांवर पडलं आणि लाईट गेली. ती पहिल्या दिवशी संध्याकाळी गेली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आली. मधे एकदा तासाभरासाठी येऊन गेली, त्यामुळे नक्की किती वेळ काय गार होतं याचा अंदाज आणखीच बिघडला.

फ्रीज बंद पडल्यावर दार उघडलं नाही तर खालचा भाग साधारण 4 तास पुरेसा गार राहतो. गच्च भरलेला फ्रीझर सुमारे 48 तास आणि अर्धा भरलेला सुमारे 24 तास गोठलेला राहतो, असा सर्वसाधारण आडाखा आहे. तो चांगल्या, खोल फ्रीझरचा. घरगुती फ्रीजचा वरचा कप्पा त्याहून लवकर हार खातो, आणि एका दाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्याचा तर भरवसाच नको.

लाईट आल्यावर सुनेनं दार उघडलं. उसळीच्या दोन्ही पिशव्या फुगलेल्या, टम्म. फुलकोबीची पिशवीही फुगलेली. ठेच्याच्या तिन्ही पिशव्या आवळलेल्या, जशा भरल्या तशा. वर काजूगर आणि मासे मधोमध दगड, कडेनं थोडे मऊ, पण बर्फाचे कण दिसत होते.

पुढचा अर्धा तास त्या घरातल्या चुलीपाशी जे बोलणं झालं, ते या प्रकरणाचं मर्म आहे, म्हणून सविस्तर देतो.

आजीनं उसळीची पिशवी कातरली, वास घेतला. “आंबलीय जराशी. एवढ्यानं काय होतंय? दहा मिनिटं रटरटू दे की चांगली.” सून म्हणाली, “आत्ती, फुगलेलं नको.” मग ठेच्यावर बोलणं आलं. त्याला वास नाही, फुगवटा नाही, चवीला हातावर घ्यायला आजीनं बोटही पुढं केलं. सुनेनं ते धरलं. नातीनं तोवर पुस्तिकेची ती शेवटची पानं काढली होती. त्यात लिहिलं होतं की हवा काढणं हा फ्रीजला किंवा फ्रीझरला पर्याय नाही, आणि कच्चा लसूण, अळंबी, मऊ चीज यांसारखे पदार्थ असे बंद करू नयेत. कारण तिथं दिलेलं नव्हतं. कारण नसलेली सूचना आजी मानत नाही. मीही सहसा मानत नाही.

कारण असं. मातीत ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ नावाचा जंतू असतो. त्याला प्राणवायू चालत नाही. त्याचे बीजाणू लसणासारख्या जमिनीत वाढणाऱ्या पिकांबरोबर घरात येतात आणि साध्या उकळण्यानं मरत नाहीत. हवा नाही, ओल आहे, आंबटपणा कमी आहे आणि गारवा नाही, अशा चारी गोष्टी जुळल्या की ते बीजाणू जागे होतात आणि विष तयार करतात. आंबटपणाची सीमारेषा पीएच 4.6 अशी धरतात. लिंबाचं लोणचं तिच्या सुरक्षित बाजूला आहे, तेलातला कच्चा लसूण धोक्याच्या. या जंतूच्या काही जाती तर 3 अंश सेल्सिअसपर्यंतच्या थंडीतही हळूहळू वाढतात, म्हणजे फ्रीजचा खालचा कप्पासुद्धा कायमचा पहारेकरी नाही. विषबाधा झाली तर बहुधा 12 ते 36 तासांत दोन-दोन दिसणं, पापण्या जड होऊन खाली येणं, गिळायला आणि बोलायला त्रास अशी लक्षणं दिसतात. मग घरगुती उपाय न करता थेट मोठं रुग्णालय गाठायचं. भारतात याच्या नोंदी थोड्याच आहेत. 1996 साली गुजरातमधल्या एका निवासी शाळेतलं प्रकरण त्यांपैकी एक.

महत्त्वाचं हे की या विषाला वास-चव असेलच असं नाही, आणि पिशवी फुगेलच असंही नाही. आवळलेला ठेचा फुगलेल्या उसळीपेक्षा बरा, हे आपलं डोळ्यांचं गणित इथं लागू पडत नाही.

आजीचं दहा मिनिटं उकळण्याचं म्हणणं अर्धं बरोबर होतं, आणि हे तिला सांगायला हवं होतं. बोट्युलिनमचं विष 10 मिनिटं खळाखळा उकळल्यावर नष्ट होतं. पण आंबलेल्या उसळीत एकटा तोच जंतू असतो असं नाही. स्टॅफिलोकॉकससारख्या काही जंतूंची विषं उकळूनही टिकतात. उसळीत नक्की काय वाढलं होतं ते प्रयोगशाळेशिवाय सांगता येत नाही, आणि दोन वाट्या मटकीसाठी कुणी प्रयोगशाळेत जात नाही. आणि ठेचा तर उकळून खायची गोष्टच नव्हे.

उसळ आणि ठेचा दोन्ही टाकले. गोठ्यात टाकू नकोस, कुत्र्यालाही घालू नकोस, एवढं सुनेनं नवऱ्याला बजावलं. पिशव्यांसकट खोल खड्ड्यात पुरलं. बर्फाचे कण असलेले मासे आणि काजूगर पुन्हा गोठवायला ठेवले. तसं करायला हरकत नसते, चव आणि पोत थोडा उतरतो एवढंच. कडेचे दोन बांगडे पूर्ण मऊ झाले होते, पण हाताला अजून बर्फासारखे गार लागत होते. ते त्याच दुपारी तिरफळं घालून शिजले.

फुलकोबीचा फुगवटा आणखी निराळा. कापलेली ताजी भाजीही श्वास घेत असते. कोबी-फुलकोबीच्या कुळातल्या भाज्या बंद पिशवीत स्वतःच वायू सोडतात. तो फुगवटा जंतूंचा असेलच असं नाही. पण जवळजवळ दीड दिवस कोमट राहिलेल्या हवाबंद पिशवीत हे वेगळं करून ओळखायचं कसं? तीही गेली. पुढच्या वेळी फुलकोबी उकळत्या पाण्यातून काढून सरळ फ्रीझरमध्ये, असं ठरलं.

सैल आणि फुगीर

या प्रकरणातून मला सगळ्यांत उपयोगाची वाटलेली गोष्ट म्हणजे सैल पिशवी आणि फुगलेली पिशवी यांतला फरक घरातल्या प्रत्येकाला कळला. सैल पिशवी म्हणजे बाहेरची हवा आत आली: भोक, काटा, देठ किंवा कच्चं सील. आतला जिन्नस वाळका असेल तर नुकसान थोडं. तपासून, पुन्हा वाळवून, नव्या पिशवीत भरता येतो. सैल पडलेल्या मसुराच्या एका पिशवीत टोका निघालाच, पण शेजारच्या आवळलेल्या पिशव्या स्वच्छ होत्या. फुगलेली पिशवी म्हणजे आत काहीतरी जिवंत आहे आणि ते वायू सोडतंय. ओला किंवा शिजवलेला जिन्नस फुगला की उघडायचंही नाही. आणि ओला जिन्नस आवळलेला असला तरी तो किती वेळ गारव्याबाहेर होता हे माहीत नसेल, तर त्याचा आवळपणा पुरावा म्हणून धरायचा नाही.

माशांच्या बाबतीत एक सूचना पुस्तिकेतही नव्हती, ती मी सांगितली: गोठलेला हवाबंद मासा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात विरघळायला ठेवण्याआधी पिशवीला चीर द्यायची किंवा तो काढून भांड्यात ठेवायचा. माशात आढळणारी बोट्युलिनमची जात थंडीतही वाढते, आणि पिशवीत हवा शिरली की तिची अडचण होते. ओट्यावर पिशवीसकट दुपारभर मासा ठेवायची आपली सवय इथं नडते.

ऑगस्टमध्ये अळंबी आली. रानातली अळंबी चारच दिवसांची, आणि पुण्याहून फोन येणारच: “वहिनी, थोडी मशीनमध्ये घालून पाठव की.” अळंबी कच्ची हवाबंद करण्यातली अडचण लसणासारखीच. ती मातीलगत उगवते, ओली असते, आणि उरलेला प्राणवायू स्वतःच झपाट्यानं संपवते. वहिनीनं सांगितलं, खायची तर रजा काढून ये.

पिशवीचा आकार

गणपतीत पाहुणे आले तेव्हा खरा हिशेब झाला. बासमती, मसूर, काजूगर, सुके बांगडे, जवळा, देठ काढलेल्या मिरच्या: सगळं मेमधल्यासारखं. पण एक त्रास वारंवार झाला. किलोची पिशवी एकदा कातरली की पावसाळी हवेत तिची पुण्याई संपते. कुरकुरीत सांडगे आणि पापड तर उघडल्यापासून दोन दिवसांत लोळत. पिशवी बंद असताना किती महिने टिकते यापेक्षा उघडल्यावर किती दिवसांत संपते, हे या हवेत जास्त महत्त्वाचं निघालं. पापड शिवाय आवळताना मोडतात. ते घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच बरे, हे सुनेनं मान्य केलं.

चटणीचा निकाल मला अनपेक्षित होता. पिशवीतली आणि चिनीमातीच्या बरणीतली, दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या. पिशवीतल्या चटणीचा रंग किंचित जास्त लाल, वास ताजा. बरणीतली जराशी काळवंडलेली, पण निरोगी. त्या वर्षी आजीनं कांदा आणि खोबरं जास्त कडक भाजून घेतलं होतं, मीठ हात सोडून घातलं होतं, बरणी मुठीनं ठासून भरली होती आणि वर हिंगाचे खडे ठेवले होते. ठासून भरणं म्हणजे हवा बाहेर काढणंच. आदल्या वर्षी बुरशी आली होती ती हवेमुळे कमी आणि कच्च्या राहिलेल्या कांद्याच्या ओलीमुळे जास्त, असं माझं अनुमान आहे. आजीचं तसं नाही. तिच्या मते कुणीतरी ओला चमचा घातला होता. ओल तीही ओलच.

खर्चाचं थोडक्यात. मशीन एकदाच घ्यावं लागतं, रोल दरवर्षी. वाळक्या जिन्नसांच्या पिशव्या तोंडाकडून कातरून, पुसून, आखूड करून पुन्हा वापरता येतात, म्हणून सुनेनं आता पहिल्यापासून चार बोटं जास्त लांब कापायला सुरुवात केली आहे. कच्चा मासा, मटण किंवा तेलकट चटणी ठेवलेली पिशवी पुन्हा वापरायची नाही. कितीही घासली तरी खवल्यांत राहिलेलं निघत नाही. मशीनच्या कडेला असलेली फोमची पट्टी ओली राहिली तर ओढ कमी होते, म्हणून काम झाल्यावर ती पुसून झाकण अर्धवट उघडं ठेवायचं. झाकण दाबून बंद करून ठेवलं की फोम बसतो आणि मग मशीन बिघडलं म्हणून ओरड होते.

शेजारच्या दोन घरांनी आता आपले काजूगर भरून द्यायला सांगितलं आहे आणि सुनेच्या मनात बेळगावच्या एका दुकानात ठेवायचा विचार घोळतोय. नातेवाइकांना पाठवणं वेगळं आणि विकणं वेगळं. विकायचं तर अन्नसुरक्षेची नोंदणी, वजन, तारीख, सगळं पिशवीवर आलं, आणि तिथं ‘आर्द्रा’ लिहून चालणार नाही. सध्या तरी ती काजूगरापुरतंच बघते आहे. ओलं काही विकायचं नाही, हे तिचं तिनंच ठरवलं.

पुण्याच्या दिराला दिवाळीनंतर जी पिशवी गेली तिच्यात देठ काढलेल्या वाळक्या मिरच्या, भाजलेले शेंगदाणे आणि खडेमीठ वेगवेगळं बंद केलेलं होतं. लसणाच्या चार गड्ड्या तशाच, कागदात. ठेचा तिकडं खलबत्त्यात कर, असा निरोप.